टाळू (अर्भकाची)

नवजात बालकाच्या कवटीची हाडे जिथे अजून एकमेकांना भिडलेली नसतात, तिथल्या चिवट पडद्याने झाकलेल्या मऊ जागा. जन्माच्या वेळी अशा सहा जागा असतात. घरोघरी जिला टाळू म्हणतात ती त्यांतली सर्वांत मोठी, डोक्याच्या पुढच्या भागातली. (तोंडाच्या आतील छतासाठी पहा : तालू.)

रचना : पुढची टाळू कपाळाची दोन हाडे व त्यांमागची दोन पार्श्विकास्थी यांच्यामध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची असते. मागची त्रिकोणी व लहान. ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत बुजते. बाजूच्या चारांना नेहमीच्या तपासणीत महत्त्व नाही. हाडे सुटी असल्यामुळे प्रसूतीच्या वेळी ती एकमेकांवर सरकतात व डोके वाटेतून निघते. पुढे मेंदूला वाढायला वाव राहतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३४-३५ सेंमी. असतो, तो वर्षाअखेर ४५-४६ सेंमी. होतो.

आकार व भरण्याचा काळ : पॉपिच व स्मिथ यांनी १९७२ मध्ये टाळूच्या आकाराची सामान्य कक्षा प्रसिद्ध केली. लांबी व रुंदी मोजून त्यांची सरासरी घ्यायची, ही पद्धत अजूनही वापरात आहे. ही सरासरी जन्मतः २ सेंमी.च्या आसपास भरते. मात्र १ सेंमी.हून लहान किंवा ३ सेंमी.हून मोठी टाळू निरोगी बाळांतही आढळते. झुरिच येथील डुक व लार्गो यांच्या १९८६ च्या पाहणीत टाळू भरलेल्या मुलांचे प्रमाण तिसऱ्या महिन्यात १ टक्का, बाराव्या महिन्यात ३८ टक्के व चोविसाव्या महिन्यात ९६ टक्के होते. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला टाळू उघडी असणे हेच अधिक मुलांत दिसते. त्यामुळे टाळू कधी भरली यावरून वाढीचा निवाडा करू नये. घेर दर भेटीला टेपने मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडणे अधिक मोलाचे आहे; आपल्याकडे वजनाची नोंद होते आणि डोक्याचा घेर राहून जातो, ही उणीव भरून निघायला हवी.

तपासणी : बाळ शांत असताना, त्याला उभे धरून, बोटे सपाट ठेवून टाळू चाचपतात. निरोगी टाळू किंचित खोलगट किंवा सपाट लागते. तिचे उडणे हे नाडीचे ठोके होत, त्यात भिण्यासारखे काही नाही. रडताना, खोकताना किंवा आडवे असताना ती वर येते व नंतर बसते. शांत बसलेल्या बाळाची टाळू ताठ फुगलेली राहिली तर मेंदूवरील दाब वाढल्याचा संशय घ्यावा. तापही असेल तर मेंदूज्वराच्या शंकेने तातडीने रुग्णालय गाठावे. जुलाब-उलट्यांत टाळू खोल जाते. सोबत डोळे खोल, तोंड कोरडे व लघवी कमी आहे का ते पाहावे.

टाळू भरायला फार उशीर होण्यामागे मुडदूस, थायरॉइडची कमतरता, डाऊन सिंड्रोम किंवा डोक्यात पाणी साठणे असू शकते. लवकर भरली तरी घेर नीट वाढत असेल, तर ते बहुधा सामान्यच. घेर थांबला असेल, तर शिवणी अकाली जुळल्या आहेत का हे तपासावे लागते.

प्राचीन उल्लेख : अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तालुकंटक या बालरोगात डोक्यावर खळगा पडणे, बाळाने दूध न ओढणे, पातळ शौच व तहान ही लक्षणे येतात. हे वर्णन शरीरातील पाणी कमी होण्याशी जुळते. दोन्ही एकच म्हणावेत का, याबद्दल एकमत नाही.

टाळूला तेल : बाळंतिणीच्या खोलीत टाळूवर तेल जिरवण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. टाळू हाडांच्या वाढीने भरते, तेलाने नव्हे. हलक्या हाताने लावलेले तेल सहसा अपाय करत नाही; नाकाकानात मात्र तेल सोडू नये.

सोनोग्राफी : टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून मेंदूचे चित्र घेता येते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील रक्तस्राव त्यावरून कळतो.