चंदीगढची नगररचना : मूल्ये, संवाद आणि १९५१ ची बैठक

नगररचनेचा इतिहास बहुधा आराखड्यांच्या आधारे लिहिला जातो. आराखडा मात्र बैठकीत ठरतो, आणि बैठकीत युक्तिवादाइतकेच भाषा, प्रतिष्ठा, उपस्थिती व गृहीत मूल्ये यांचेही बळ चालते. चंदीगढच्या आराखड्यासाठी फेब्रुवारी १९५१ मध्ये झालेल्या बैठकीचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार केला आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतीय पंजाबला नव्या राजधानीची निकड भासली. १९४८ मध्ये जागा निश्चित झाली. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी केला. पंख्यासारखा पसरणारा विस्तार, वळणदार रस्ते आणि शेजारभावाला पोषक असे मोठे निवासी गट ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोवित्स्की हे ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातात मरण पावले. नव्या वास्तुविशारदांच्या शोधात प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपला गेले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या दांपत्याची आणि पॅरिसमध्ये ल कॉर्ब्यूझिए व त्यांचे चुलतबंधू पिएर जनरे यांची निवड झाली. मेयर यांचाच आराखडा या मंडळींनी पुढे न्यावा, अशी मूळ अपेक्षा होती.

प्रत्यक्षात सिमल्याच्या रस्त्यावरील एका विश्रामगृहात अवघ्या काही दिवसांत नवा आराखडा तयार झाला. फ्राय यांच्या आठवणींनुसार, खडू कॉर्ब्यूझिए यांच्या हाती होता आणि मेयर येऊन पोहोचण्यापूर्वीच रेखाटन सुरू झाले होते. मेयर आल्यावर अवघडलेली शांतता पसरली. जनरे यांनी त्यांना फ्रेंच येते काय, असे विचारले. मेयर यांनी सौजन्याने होकार दिला, आणि पुढील चर्चा त्यांच्या तोडक्यामोडक्या फ्रेंचच्या आवाक्याबाहेर गेली. भिडेपोटी दिलेल्या एका होकाराने मूळ आराखड्याचा कर्ता आपल्याच आराखड्याच्या चर्चेतून बाहेर पडला. मेयर मनाने सज्जन होते, परंतु कॉर्ब्यूझिए यांच्या ठाम व्यक्तिमत्त्वापुढे त्यांचा निभाव लागला नाही, असा फ्राय यांचा एकंदर सूर आहे.

हे कथन अर्थातच सावधपणे वाचावयास हवे. ते १९७७ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर प्रसिद्ध झाले, आणि लिहिणारा जिंकलेल्या बाजूचा होता. तथापि त्यातील मुख्य गोष्टीस आराखडाच दुजोरा देतो. वळणे जाऊन सरळ, काटकोनी रस्ते आले आणि सुमारे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले गेले. सहकाऱ्यांचा वाटा किरकोळ सूचनांपुरता उरला.

मात्र इतिहासकारांनी या विजयाला दिलेले महत्त्व प्रस्तुत लेखकास काहीसे अतिरिक्त वाटते. उत्तरेला शासकीय संकुल, मध्यभागी व्यापारकेंद्र, पूर्वेला उद्योग, पश्चिमेला विद्यापीठ, मधून हिरवे पट्टे, ही मेयर यांची मांडणी नव्या आराखड्यातही टिकली. वाद झाला तो वक्र की सरळ याविषयी. ज्यावर वाद झालाच नाही, ते शहरात अधिक खोल रुजले.

शासकीय घरांची वर्गवारी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत अधिकारश्रेणीनुसार घरांचे तेरा प्रकार ठरविण्यात आले, पुढे त्यांत एकाची भर पडली, आणि प्रत्येक प्रकाराची खर्चमर्यादा निश्चित होती. वसाहतकालीन प्रशासनातून आलेली ही उतरंड वास्तुविशारदांना तयार कार्यक्रमाच्या रूपाने मिळाली. परंपरेच्या बंधनांतून मुक्त शहर, ही पंडित नेहरूंची अपेक्षा होती, पण या परंपरेकडे कोणी बोट दाखविले नाही. जेन ड्रू यांचे श्रेय येथे नोंदवावयास हवे. सर्वांत कमी खर्चाच्या घरालाही दोन खोल्या आणि स्वतंत्र शौचालय मिळाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता. चौकटीच्या आत राहून माणुसकी जपण्याचा तो प्रयत्न होता. चौकट मात्र तशीच राहिली.

पुढे कॉर्ब्यूझिए वर्षातून दोनदा येत. रोजचे काम जनरे यांच्या नेतृत्वाखाली, आज सेक्टर १९ मध्ये असलेल्या कार्यालयात चाले. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, ए. आर. प्रभावळकर, जे. एस. देठे, ऊर्मिला यूली चौधरी हे भारतीय सहकारी तेथे होते. चौधरी यांना फ्रेंच अवगत असल्याने कॉर्ब्यूझिए यांच्याशी होणाऱ्या व्यवहारात त्या दुवा ठरल्या. ज्या भाषेने मेयर यांना बाहेर ठेवले, तिनेच एका भारतीय स्त्रीला आत वाट करून दिली, हा योगायोग लक्षणीय आहे.

ज्यांच्या जमिनींवर शहर उभे राहिले, त्या शेतकऱ्यांना मात्र कोणत्याच भाषेत या बैठकीत स्थान नव्हते. त्यांनी भूसंपादनाविरुद्ध आंदोलन केले. त्यांच्याशी बोलणी झाली ती प्रशासनाच्या दारात, आरेखनाच्या मेजावर नव्हे.

२०१६ मध्ये शासकीय संकुलाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधील, निवासी घरांचे सदनिकांत रूपांतर करण्यास वारशाच्या कारणास्तव मनाई केली. उच्चपदस्थांसाठी विरळ वस्तीची म्हणून आखलेली उत्तरेकडील सेक्टरे याच टप्प्यात येतात.