ठिपक्यांचा ‘अ’ कुणासाठी?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाचं दप्तर उघडलं की हल्ली त्यातून एक कागद निघतो. त्यावर ठिपक्याठिपक्यांचा ‘अ’ असतो, खाली चार आंबे आणि शेजारी रिकामी चौकट. ठिपके जोडायचे, आंबे मोजायचे, चौकटीत आकडा भरायचा. वर्कशीट हा शब्द आता इतका रुळलाय, की ‘कृतिपत्रिका’ म्हटलं तर पुष्कळ पालक ‘म्हणजे काय?’ असं विचारतात. बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न याच कागदाबद्दलचा होता : वर्कशीट द्यावं की देऊ नये? हो किंवा नाही म्हणण्याआधी हा कागद आला कुठून, ते पाहावं असं मला वाटतं. त्याचा प्रवास कळला की उत्तर बरंचसं सोपं होतं.

कागदाच्या आधी पाटी होती आणि पाटीच्या आधी धूळ. आपल्या पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीनं किंवा बोटानं अक्षरं काढत. ‘धुळाक्षरं’ हा शब्द तिथलाच. अक्षर चुकलं की हात फिरवायचा, फळी पुन्हा कोरी. चूक मागे उरत नसे, तसं बरोबर आलेलंही मागे उरत नसे. घरी नेऊन दाखवण्यासारखं काही नसायचं. जे उरे ते मुलाच्या हातात आणि डोक्यात.

ही धूळ साता समुद्रापार गेली, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोर इथल्या, गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. एका देशी शाळेत मलबारी मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यांनी पाहिली आणि तीच पद्धत आपल्या शाळेत सुरू केली. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तक छापलं. पुढे तिथल्या गोरगरिबांच्या शाळांमध्ये सर्वांत धाकटी मुलं वाळूच्या बाकाशी बसत. मग पाटी आणि शेवटी कागद, असा क्रम असे. कागद महाग होता हे एक कारण होतंच. पण पुसता येणारं आधी आणि न पुसता येणारं नंतर, हा क्रम मुलाच्याही सोयीचा होता.

पंतोजींच्या शाळेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. तिथं छडी होती, अर्थ न कळता घोकणं होतं, बहुसंख्य जातींच्या मुलांना आणि मुलींना दार बंद होतं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे तिथं तीन-चार वर्षांचं मूल नसायचंच. कागदावरचा कित्ता तर त्याहूनही पुढचा. वर गुरुजींचं वळणदार अक्षर, खाली मुलानं तसंच काढायचं. कित्ता होता तो हात बसलेल्या मुलासाठी. आजचा ठिपक्यांचा ‘अ’ त्या कित्त्याचाच नातू आहे. फरक इतकाच, की तो चार-पाच वर्षं लवकर हातात पडतो.

लहानग्यांसाठी वेगळी शाळा असावी, हा विचार युरोपात रुजवला तो फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग इथं त्यांनी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. आपल्या ‘केजी’चा उगम हाच. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, नळकांडं अशी साधनं त्यांनी ठराविक क्रमानं मुलांच्या हाती दिली. त्यांना ते ‘भेटी’ म्हणत. त्यापाठोपाठ हस्तव्यवसाय होते : कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, टाचणीनं कागदाला भोकं पाडणं, चौकटी आखलेल्या पाटीवर रेघा ओढणं. म्हणजे आखीव कागद बालशाळेत शिरला तो इथं. पण तो रांगेत शेवटी होता. मुलानं आधी घन हातात धरलेला असे, मग त्याची बाजू पाहिलेली असे आणि मग कडेची रेघ ओढायची.

पुढे क्रम राहिला नावापुरता आणि माल वाढला. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळण्यांच्या कारखानदारानं १८६९ पासून फ्रोबेलची साधनं तयार करून विकायला सुरुवात केली. भोकं पाडलेली, चित्र छापलेली शिवणकामाची कार्डं मिळू लागली. मुलानं फक्त सुई घालायची, आकार आधीच कुणीतरी ठरवलेला. बाईंनी हुकूम द्यायचा, पोरांनी एकदम तो पाळायचा, असं बालोद्यानाचं रूप होत गेलं. १८९० मध्ये ॲना ब्रायन या बालशिक्षिकेनं शिक्षकांच्या परिषदेत याच यांत्रिकपणावर कडक टीका केली. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी वेगळाच मुद्दा काढला : इतकं बारीक काम चिमुकल्या बोटांना आणि डोळ्यांना झेपणारं नाही. ब्रायन यांच्या शिष्या पॅटी हिल यांनी मग इवल्या ठोकळ्यांच्या जागी दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे मोठे ठोकळे आणले. म्हणजे ज्या वादात आज आपण आहोत, तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्या डॉक्टर होत्या. लिहिण्याचा प्रश्न त्यांनी दोन भागांत तोडला : हातात पेन्सिल धरता येणं वेगळं आणि अक्षराचा आकार ओळखणं वेगळं. पेन्सिलीसाठी धातूच्या चौकटी होत्या. त्यांच्या कडेनं आकार काढायचा आणि आत रंगीत रेघा भरायच्या. अक्षरासाठी खरखरीत कागदाची अक्षरं होती. त्यांवरून बोट फिरवायचं, सोबत उच्चार करायचा. दोन्ही वाटा जुळल्या की मूल आपण होऊन लिहू लागे. तिथंही मूल गिरवत होतं, पण बोटानं. आणि कागद पुढे आला तेव्हा त्याला सांगण्यासारखं काही होतं.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई तिथं जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंना एक गोष्ट बोचू लागली. माँटेसरीची साधनं महागडी, बालमंदिरं शहरातली. मग खेड्यातल्या मुलानं काय करायचं? १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. साधनं कोणती? बिया, शिंपले, पानं, खडे, माती.

ही केवळ काटकसर नव्हती. पाच शिंपले उचलून ठेवताना मुलाच्या हाताला पाच म्हणजे किती, ते कळतं. कागदावरचे पाच शिंपले उचलता येत नाहीत. ताराबाई आणि अनुताई यांनी जगातला एक मोठा विचार आपल्या मातीत लावला आणि लावताना त्याचा गाभा राखला : आधी वस्तू, मग चित्र, मग खूण. सरकारी अंगणवाडी योजना सुरू झाली ती नंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी. देशभर ३३ प्रकल्पांपासून तिची सुरुवात झाली.

मग हा गाभा सुटला कुठं? यंत्रानं एक दार उघडलं. पूर्वी शाळांत सायक्लोस्टाइल होतं. मेणकागदावर लिहायचं आणि हात काळे करून प्रती काढायच्या. त्यामुळे प्रती निघत त्या परीक्षेपुरत्या. झेरॉक्सचं दुकान गल्लीत आलं, तशी चाळीस मुलांना चाळीस कागद देणं पाच मिनिटांचं काम झालं. दुसरं दार उघडलं ते पहिलीच्या प्रवेशानं. मुलाखतीत मुलाला अक्षरं, आकडे, रंगांची इंग्रजी नावं विचारत. साहजिकच आई-बाप तयारीला लागले. यशपाल समितीनं १९९३ च्या अहवालात नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असं सांगितलं. महाराष्ट्रानं १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशांच्या नियमनासाठी कायदाही केला. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो. त्याआधीची वर्षं बाजाराच्या हातात राहिली आणि बाजाराला दाखवता येईल असा माल लागतो.

माझ्या मते वर्कशीटच्या यशाचं खरं रहस्य इथं आहे. मुलानं सकाळभर मातीचे लाडू वळले, भांडण मिटवलं, गोष्टीतल्या कोल्ह्याला वेगळाच शेवट दिला. यातलं घरी काय नेणार? कागद मात्र घरी जातो. बाईंनी काम केलं, संस्थेनं फीचा मोबदला दिला आणि मूल मागे पडलेलं नाही, या तिन्हींचा तो पुरावा असतो. गावोगावच्या बालवाड्यांत मी आयांना गेटपाशी विचारताना ऐकलंय, ‘बाई, आज काही लिहून घेतलं नाही का?’ त्या आयांना मी दोष देत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणींची शाळा अर्धवट सुटलेली होती. मुलाच्या हातचं अक्षर म्हणजे त्यांना पुढच्या दाराची किल्ली वाटे. दोष शिक्षिकेलाही सरसकट देता येत नाही. चाळीस मुलं आणि मदतनीस नाही, अशा वर्गात वर्कशीट म्हणजे पंधरा मिनिटांची शांतता. ती तिला हवी असते, कारण त्या वेळात दोन रडणाऱ्या मुलांना जवळ घ्यायचं असतं.

तरी त्या कागदावर विश्वास किती टाकायचा, हे पाहायला हवं. एका बालवाडीत ‘मोजा आणि आकडा लिहा’ या वर्कशीटवर बहुतेक मुलांचं सगळं बरोबर होतं. मग चिंचोक्यांची टोपली पुढे ठेवून मी एकेकाला म्हटलं, ‘मला पाच दे.’ पुष्कळांनी मूठ भरून दिली. कागदावरचा पाच त्यांना येत होता. आंबे कागदावर कुठं छापलेत आणि खाली कोणता आकडा येतो, हे पाठ झालं होतं.

अक्षरांबाबतही असंच एक निरीक्षण प्रयोगशाळेतून आलंय. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं आपल्या हातानं काढून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली, काही कळ दाबून उमटवायला लावली. नंतर तीच अक्षरं पाहताना मेंदूत काय घडतं ते तपासलं. पुढे वाचनासाठी लागणारे भाग जागे झाले ते प्रामुख्यानं स्वतःच्या हातानं काढलेल्या अक्षरांबाबत. हा २०१२ चा अभ्यास थोड्याच मुलांचा होता, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नये. पण अर्थ विचार करण्यासारखा आहे. वेडंवाकडं, प्रत्येक वेळी वेगळं निघणारं अक्षर काढताना मूल ते अक्षर शोधत असतं. ठिपक्यांवरून जाताना शोधायला काही उरत नाही. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी आठवा. तिथं ठिपकेही आपणच मांडतो आणि ते जोडायचे कसे, हेही आपणच ठरवतो.

मग वर्कशीट टाकूनच द्यावं? असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं या वयात परीक्षा नकोत असं स्पष्ट सांगितलंय. मुलाकडे नीट पाहावं आणि त्यानं केलेल्या वस्तू, चित्रं, कागद तपासावेत, असा मार्ग सुचवलाय. म्हणजे कागद शिक्षिकेला मूल कळावं म्हणून हवा. त्यासाठी माझ्याजवळ तीन साधे प्रश्न आहेत. कागदावर जे आहे, ते मुलाच्या हातात आधी येऊन गेलंय का? आपल्याला अपेक्षित नसलेलं काही करायला त्यावर जागा आहे का? आणि तो पाहून उद्या बाई काही वेगळं करणार आहेत का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर आठवड्यातून एखादं वर्कशीट मोठ्या शिशूंना आनंदानं द्यावं. नसेल, तर तोच कागद उलटा करावा आणि पाठकोऱ्या बाजूवर मुलाला हवं ते काढू द्यावं.

पालकांना एवढीच विनंती. यंदा पहिल्या सभेत बाईंना सांगून ठेवा, की रोज कागद घरी आला नाही तरी आमची तक्रार नाही. चिंचोके, शिंपले आणि माती कपाटात ठेवून, नाइलाजानं झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्या बऱ्याच बाई मला ठाऊक आहेत. त्या हे वाक्य ऐकायची वाट पाहत असतात.