मेण : मधमाशीची महागडी ठेव

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील घोडबंदर हे गाव वसईच्या खाडीकाठी वसलेले आहे. एका अंगाला तिवरांची झाडी, तर दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. कोकणपट्टीच्या अशा प्रदेशात आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्यांना मकरंद व परागाची वाण पडत नाही. मधाविषयी सर्वांनाच कुतूहल असते. पण तो ज्यात साठतो त्या मेणाची निर्मिती माशीला मधाहूनही महाग पडते, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

मेण बाहेरून गोळा केले जात नाही, ते माशीच्या शरीरातच तयार होते. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारणपणे वयाच्या 12 ते 18 दिवसांच्या काळात त्या सर्वाधिक कार्यक्षम असतात. भरपूर मध खाल्लेल्या माश्या एकमेकींना धरून साखळीसारख्या लोंबकळतात. ग्रंथींतून पाझरणारे द्रवरूप मेण हवेत थिजून त्याचे पातळ, पारदर्शक पापुद्रे बनतात. माशी पायांनी पापुद्रा पुढे ओढते, लाळ मिसळून जबड्याने चघळते आणि मग भिंतीवर चढवते. वसाहतीत सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखलेले असल्याने मेण मऊ राहते. ते वितळते मात्र 62 ते 65 अंशांच्या आसपास. युरोपीय मधमाशीच्या बाबतीत एक किलो मेणाला सुमारे दहा लाख पापुद्रे लागतात आणि त्यासाठी 6 ते 8 किलो मध खर्ची पडतो, असा अंदाज सांगितला जातो.

एवढी महाग वस्तू वाया घालवणे परवडणारे नाही. मधाच्या घरांवरील झाकणे बहुधा नव्या मेणाची, म्हणून पांढुरकी असतात. अळी कोषावस्थेत जाताना तिच्या घरावर बसणारे झाकण मात्र आसपासच्या कडांवरून खरवडलेल्या जुन्या मेणाचे असते. त्यात कोषाचे तंतूही मिसळलेले असल्याने ते तपकिरी आणि सच्छिद्र होते. आतील जिवाला हवा मिळते ती त्यातूनच.

काटकसरीत फुलोरी सर्वांत पुढे आहे. झुडपाच्या फांदीवर एकच लहान पोळे बांधणारी ही माशी जागा बदलते तेव्हा कामकरी माश्या जुन्या पोळ्याकडे परततात, मेण कुरतडतात आणि पराग वाहण्याच्या मागील पायांवरील परडीत भरून नव्या जागी नेतात. नवी जागा जवळ असेल तरच हे घडते. अंतर वाढले की उड्डाणाचा खर्च मेणाच्या किमतीहून जास्त होतो आणि जुने पोळे तसेच सोडले जाते.

सातेरीचा स्वभाव याच्या उलट. ती जुने, काळवंडलेले पोळे कुरतडून त्याचा चुरा तळाशी टाकते आणि नवे बांधते. हा चुरा वेळेवर काढला नाही, तर त्यात मेण पतंगाच्या अळ्या माजतात आणि त्रासलेली वसाहत पेटी सोडून जाते. म्हणून मधपाळाने तळपाट नियमित साफ केला पाहिजे.

माणसालाही मेणाची बचत करता येते. पूर्वी पोळे पिळून मध काढला जाई, त्यामुळे माशीला पुन्हा सारा खटाटोप करावा लागे. मधयंत्रात चौकटी फिरवून मध काढला की पोळे अखंड राहते व पेटीत परत ठेवता येते. मेणपत्रा दिल्यास भिंतींची पायाभरणीही वाचते. महाबळेश्वर परिसरातील पेटीतील मधपालन याच पद्धतीने वाढले. तेथील मांघर हे 2022 मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पुण्यात 1962 पासून मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे.

आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडे, कडे आणि आता मुंबई-ठाणे परिसरातील उंच इमारतींचे सज्जे हे तिचे ठिकाण. भारतात जमा होणारे मेण मुख्यतः तिच्याच पोळ्यांतून येते. हंगाम संपला की ही वसाहत आपणहून उठून जाते आणि रिकामे पोळे मागे राहते. भरल्या पोळ्यावर विषारी फवारा मारला, तर माश्या मरतात आणि मध-मेणही निकामी होते. पोळे रहदारीपासून दूर असेल, तर ते सुटेपर्यंत थांबणे सोयीचे. ते जिन्याजवळ किंवा खिडकीशी असेल, तर जाणकार मधपाळाकडून हलवून घ्यावे. पुढच्या हंगामात आग्या त्याच सज्जाखाली परतण्याची शक्यता असते; त्या वेळी पोळे मात्र ती नव्या मेणाचेच बांधते.