तुंबलेली गटारे आणि चुकलेले निदान

पावसाळ्यात प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावात काळी जमीन पाण्याने भरून गेली, की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. मग मैलाटाकी भरते आणि घाण पाणी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे मोरीतून किंवा संडासातून, वर येते. पाणी आपली पातळी शोधते, एवढेच त्यामागचे विज्ञान. शहरात टाकीच्या जागी गटार असते, बाकी सारे तेच.

असे पाणी घरात आले, की आपल्याला आधी जाणवतो तो वास. वास हेच रोगाचे मूळ, ही समजूत फार जुनी आहे. मुंबईने तिची किंमत कशी मोजली, ते पाहण्यासारखे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांत प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, दाट वस्ती आणि तुंबलेली गटारे. मुंबईचा बराच भाग सखल, समुद्र हटवून केलेला. तेथे गटारांना पुरेसा उतार मिळत नसे. त्यामुळे संशय गटारांवर गेला. आयुक्त स्नो यांच्या प्रशासनाने समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल गटारांतून रोज प्रचंड प्रमाणात सोडले. घरे धुतली, भिंतींना चुना दिला. प्लेग मात्र हटला नाही.

हे अधिकारी मूर्ख होते काय? नाही. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. जंतू घाणीत आणि जमिनीत वाढत असणार, असे मानून जुनी समजूत नव्या शोधाला जोडली गेली. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, तेव्हा अनेकांनी ते मानले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने प्रयोगांनी ते पक्के केले. म्हणजे खरा धागा होता वखारीतले धान्य, त्यावर जगणारे उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा. गटारे धुतल्याने उंदीर उलट घरांकडे वळले असावेत, असेही पुढे म्हटले गेले.

मग गटारे निर्दोष ठरली काय? तसेही नाही. पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग मैलापाण्यातून पसरतात. शिवाय उंदीर आणि पाणी यांचा एक वेगळा संबंध पुढे जपानमध्ये उघड झाला. उंदराच्या मूत्रातील जंतू पाण्यात मिसळून पायावरच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. हाच लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारांचे पाणी घरांत शिरले आणि पाठोपाठ मुंबईत या रोगाची साथ आली.

यातून घर साफ करण्याची रीत आपोआप ठरते. प्रथम घरातील पाण्याचा वापर थांबवावा. ओल्या जमिनीत उभे न राहता वीज बंद करता आली तरच करावी, नाहीतर वायरमनला बोलवावे. रबरी बूट आणि हातमोजे घालावेत. गाळ काढून जमीन साबणाने घासावी आणि मगच ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावे. हा क्रम महत्त्वाचा, कारण क्लोरीन आधी घाणीवरच खर्च होतो आणि जंतूंसाठी उरत नाही. ब्लीचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मात्र कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. भिजलेले अन्न टाकून द्यावे. विहीर जवळ असेल तर तिचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नये.

या इतिहासाची आणखी एक बाजू आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात सक्तीच्या विलगीकरणाच्या भीतीने लोक मुंबई सोडू लागले. मैला वाहणारे हलालखोरही निघून जातील, या धास्तीने प्रशासनाला आपले नियम सैल करावे लागले. शहर कोणाच्या खांद्यावर उभे आहे, हे त्या दिवसांत सर्वांना कळले. त्यांचे कष्ट मात्र संपले नाहीत. मैलाटाकीतील हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. जास्त प्रमाणात तो नाकाची संवेदनाच मारतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नसते. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत वा गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असे मृत्यू होत राहतात.

ज्या वासाला मुंबई घाबरली, त्याने प्लेग होत नव्हता. ज्या वायूचा वासही येईनासा होतो, तो मात्र जीव घेतो. नाकावर विसंबू नये, पुरावा पाहावा, एवढे जरी वर्गात पोचले तरी ही हकिगत सांगितल्याचे चीज होईल. टाकी तुंबली तर उपसणारे यंत्र बोलवावे, माणूस आत उतरवू नये, हे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन सांगितले, तर कदाचित एखादा जीवही वाचेल.