रक्त झाकले, तेव्हा भिंत दिसली

मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमजोर होऊन तिला फुगा येतो आणि कधी तो फुटतो, हे शवविच्छेदनामुळे वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होते. अडचण होती ती जिवंत रोग्याची. १८९१ साली क्विंके यांनी कण्यातून पाणी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या पाण्यात रक्त आले की आत रक्तस्राव झाला एवढे कळे. कुठे, ते कळत नसे. ते कळण्याची वाट १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी उघडली. मानेतल्या धमनीत सोडियम आयोडाइड सोडून त्यांनी मेंदूच्या धमन्या क्ष-किरणांवर टिपल्या. दहा वर्षांनी बाल्टिमोरमध्ये वॉल्टर डँडी यांनी अशा फुग्याच्या बुडाशी, म्हणजे त्याच्या मानेवर, चांदीची क्लिप बसवली. पण मोनिझ यांच्या या तपासणीत, म्हणजे अँजिओग्राफीत, दिसते ते धमनीतले रक्त. फुटते ती भिंत. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची मेख इथेच आहे. रक्तस्राव झालेल्या बऱ्याच रोग्यांत एकाहून अधिक फुगे सापडतात. मग फुटला कोणता? मोठा असेल तो, वेडावाकडा असेल तो, किंवा १९७१ नंतर सीटी स्कॅनमध्ये ज्याच्याभोवती रक्त जास्त साचलेले दिसले तो. हे सगळे अनुमानच. चुकीच्या फुग्यावर इलाज केला, तर खरा पुन्हा फुटायला मोकळाच राहतो.

आधुनिक एमआरआयने इथे उलटी चाल केली. रक्त उजळण्याऐवजी वाहत्या रक्ताचा संकेत दाबून ते काळे केले, गॅडोलिनियम हे उजळवणारे द्रव्य टोचले आणि भिंतच बोलती केली. २०१३ साली माटूक आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रोग्यांत दाखवले की फुटलेल्या फुग्याची भिंत जाडसर उजळते. यावर आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. न फुटलेला पण अस्थिर फुगाही उजळू शकतो. मोठ्या फुग्यात भिंतीलगत रेंगाळणारे रक्त तशीच फसवी चकाकी देते. शिवाय अत्यवस्थ रोग्याला एवढा वेळ यंत्रात निश्चल ठेवणे सोपे नसते. म्हणून पहिली तपासणी आजही सीटीचीच, आणि ते योग्यच आहे. पण एमआरआय एकटा निवाडा देत नाही, एवढ्यावरून त्याची साक्ष रद्द होत नाही. आकार आणि साचलेले रक्त या आडून आलेल्या खुणा. उजळलेली भिंत ही निदान घटनास्थळाची खूण आहे, आणि दोन फुगे एकमेकांशेजारी असताना सर्जनला हवी असते ती तीच.