लेबल झाकल्यावर उरणारी चव

२४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाइन चाखायला बसले. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारा इंग्रज स्टीव्हन स्परिअर आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी हा घाट घातला होता. रेड वाइन दहा होत्या: सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्समधल्या बोर्दोच्या. बाटल्यांवरची नावे झाकलेली. निकालात पहिली आली ती नापा खोऱ्यातल्या ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ची १९७३ सालची कॅबर्ने सोव्हिन्यों. ती घडवणारा वॉरन विनियार्स्की शिकागो विद्यापीठातले अध्यापन सोडून द्राक्षांकडे वळलेला माणूस होता. ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. तिथे हजर असलेला एकमेव वार्ताहर, ‘टाइम’चा जॉर्ज टेबर, याच्या बातमीमुळे ही घटना जगभर गेली आणि ‘कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले’ अशी तिची दंतकथा झाली.

गुणपत्रिका मात्र वेगळेच सांगते. नऊ परीक्षकांची बेरीज केली तर पहिल्या वाइनला १२७.५ गुण आणि दुसऱ्या आलेल्या शातो मूतों रोथशिल्डला १२६. फरक अवघ्या दीड गुणाचा. दुसरा, तिसरा, चौथा आणि सहावा क्रमांक फ्रेंच वाइनचा. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला पहिला, पाचवा आणि सातव्यापासून दहावीपर्यंतचे सगळे. शिवाय एकाच वाइनला एका परीक्षकाने भरभरून गुण दिले, तर दुसऱ्याने तिला जवळजवळ नापास केले. आयुष्यभर हेच काम केलेल्या जिभांचे आपसात जमत नव्हते. मग त्या दिवशी सिद्ध काय झाले? माझ्या मते इतकेच, की नाव झाकल्यावर जाणकारालाही घराणे ओळखता येत नाही. हे थोडे नव्हे. पण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: नाव गेले, गुणांचा भरवसा नाही, तर चांगले कशाला म्हणायचे?

या प्रश्नावर कॅलिफोर्नियात आधीपासूनच काम चालू होते, आणि त्याला कारण तिथली पडझड होती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बहुतेक वाइनऱ्या बंद पडल्या. घरगुती वाइनसाठी द्राक्षे रेल्वेने पूर्वेकडे जात. त्यामुळे चवीपेक्षा प्रवासात टिकणाऱ्या जाड सालीच्या जातींना भाव आला. बंदी उठली तेव्हा द्राक्षमळे होते, परंपरा तुटली होती. ती पुन्हा उभी करण्यात डेव्हिस येथील विद्यापीठाच्या शेतकी संशोधकांचा मोठा वाटा आहे. मेनार्ड अमेरीन आणि अल्बर्ट विंकलर यांनी १९४४ मध्ये राज्याचे उष्णतेनुसार पाच विभाग पाडून कुठे कोणती जात लावावी हे मांडले. पुढे डेव्हिसमध्येच वीस गुणांची पद्धत आकाराला आली. तिच्यात रंग, गंध, आंबटपणा, तुरटपणा यांचे गुण वेगवेगळे द्यायचे असतात.

खरी झेप घेतली ती डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी. १९८४ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी वाइनच्या गंधांचे चक्र प्रसिद्ध केले. मध्यभागी ‘फळ’, त्याबाहेर ‘बेरी’, त्याबाहेर ‘ब्लॅकबेरी’, अशी त्याची रचना. ‘उमदी’, ‘राजस’ यांसारख्या शब्दांना त्यात जागा नाही, कारण ते वाइनविषयी कमी आणि बोलणाऱ्याविषयी जास्त सांगतात. शब्द शिकायची रीतही घरगुती: साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा किंवा मिऱ्याचे दाणे घालून ठेवायचे आणि वास घेऊन नाव पक्के करायचे. कॅबर्नेत ढोबळी मिरचीचा वास येतो तो पायराझिन गटातल्या द्रव्यांमुळे. घडांवर ऊन कमी पडले, द्राक्ष पुरते पिकले नाही, की तो वाढतो. म्हणजे पेल्यातला वास थेट वेलीच्या पानोळ्यापर्यंत नेऊन पोचवतो. विद्यापीठाबाहेर राहून शिकणाऱ्या माझ्यासारख्याला यात मोठा दिलासा वाटतो. रसिकता वारशाने मिळत असेल तर दार बंदच. ती शब्दाशब्दाने शिकता येत असेल तर कुणालाही आत जाता येते.

आणि मराठी जीभ इथे रिकाम्या हाताने येत नाही. रेड वाइनचा कणा म्हणजे साल आणि बियांतून उतरणारे टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंड आकसल्यासारखे कोरडे होते. पाश्चात्य शास्त्रात ही चव नव्हे, स्पर्श मानला जातो. आपल्या षड्रसांत मात्र ‘कषाय’ हा स्वतंत्र रस आहे. जांभूळ, आवळा, सुपारी यांवर वाढलेल्याला तुरटपणा दोष वाटत नाही. त्याला फक्त तो किती आणि किती वेळ, हे पाहायचे असते. कोवळ्या कॅबर्नेतला तुरटपणा दातांवर खरखरतो, वर्षे लोटतात तसा तो मऊ होतो. १९७६ नंतर फ्रेंचांची तक्रार हीच होती की आमच्या वाइन अजून मुरायच्या होत्या. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच रेड वाइन लंडन आणि नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे निघाले. त्यात पहिली आली ‘रिज मॉन्टे बेलो’ १९७१, म्हणजे पॅरिसमध्ये पाचवी ठरलेली वाइन.

नाशिकला सुला वाइनरी उभारताना राजीव सामंत यांनी केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्याच वाइनतज्ज्ञाची मदत घेतली. कॅलिफोर्नियाची लाडकी झिन्फंडेल आज नाशिकच्या बाटल्यांतही मिळते. तिथून तंत्र आले, जातही आली. ब्लॅकबेरी न चाखलेल्या माणसाने लेबलावरचे ‘ब्लॅकबेरी’ वाचून मान डोलावणे मात्र नोबलबाईंच्या धड्याच्या नेमके उलट आहे. त्यांनी सांगितले ते इतकेच: आपल्या नाकाने ओळखलेल्या वस्तूचे नाव घ्या. ते जांभूळ असेल तर जांभूळच म्हणावे.