‘जिशू होझेन’ म्हणजे काय? मशीन पुसायचं काम ऑपरेटरकडेच का असतं?

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या अनेक कारखान्यांत पाळी सुरू झाली की मशीन लगेच चालू होत नाही. ऑपरेटर आधी फडक्याने ते पुसतो, ऑइलची पातळी बघतो, ग्रीस मारतो, ढिले बोल्ट आवळतो आणि मशीनला लटकवलेल्या चेकशीटवर खूण करतो. या रोजच्या काही मिनिटांच्या कामाला ‘जिशू होझेन’ किंवा नुसतं ‘जेएच’ म्हणतात. जपानीत जिशू म्हणजे स्वतःहून आणि होझेन म्हणजे देखभाल.

ही पद्धत जपानमधल्या निप्पॉनडेन्सो या कंपनीत आकाराला आली. टोयोटा गटाला सुटे भाग पुरवणारी ही कंपनी आज डेन्सो म्हणून ओळखली जाते. ऑटोमेशन वाढलं, मशीन्स वाढली आणि सगळ्यांची निगा राखायला मेंटेनन्सची माणसं पुरेनात. मग रोजची साधी कामं ऑपरेटरकडे आली आणि मेंटेनन्स विभागाकडे अवघड दुरुस्त्या राहिल्या. पुढे हाच ‘टीपीएम’चा, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सचा एक मुख्य खांब झाला. टीपीएमसाठी निप्पॉनडेन्सोला 1971 मध्ये पुरस्कार मिळाला. सेइची नाकाजिमा यांना टीपीएमचे जनक मानलं जातं.

पण पुसण्यात एवढं काय आहे? खंडेनवमीला आपणही मशीन धुऊन-पुसून हार घालतोच की! फरक असा, की इथे पुसणं म्हणजेच तपासणं. तेलाचा आणि धुळीचा थर असेल तर गळती कुठून होतेय ते दिसत नाही. थर निघाला की बारीक तडा दिसतो, हाताला ढिला नट लागतो. आवाज बदललाय किंवा बेअरिंग नेहमीपेक्षा जास्त तापतंय, हे आठ तास त्याच मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. त्याचं काम सोपं व्हावं म्हणून प्रेशर गेजवर हिरवा पट्टा रंगवतात, नट-बोल्टवर एक सरळ रेघ ओढतात. रेघ तुटक दिसली की बोल्ट सरकला! ग्रीसचं प्रमाणही ठरलेलं असतं, कारण जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं.

दोष सापडला की टॅग लागतो. साधारणपणे पांढरा टॅग ऑपरेटरने स्वतः सोडवायचा, लाल टॅग मेंटेनन्सचा. इलेक्ट्रिकल पॅनेल उघडणं हे लाल टॅगचं काम.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. चालू मशीन पुसायचं नाही. फडकं, हातमोजा किंवा बाही रोलरमध्ये, चेनमध्ये अडकली की हात आत ओढला जातो, मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. हवेवर किंवा हायड्रॉलिकवर चालणाऱ्या मशीनमध्ये वीज गेल्यावरही दाब शिल्लक असतो, तो सोडायचा. वर उचललेला भाग खाली येऊ नये म्हणून त्याला आधार द्यायचा.

कागदावर हे सोपं आहे. पण टार्गेट तेवढंच ठेवून जेएचसाठी वेळच दिला नाही, तर ऑपरेटर चालत्या मशीनवरच फडकं मारतो, नाहीतर आठवड्याची चेकशीट शनिवारी एका बैठकीत भरून टाकतो. अशा ठिकाणी नुसती ट्रेनिंग देऊन काही होत नाही. ती मिनिटं पाळीच्या वेळेतच धरावी लागतात आणि टार्गेटही त्या हिशोबाने लावावं लागतं.